शेपटी हलत होती

मासा मेलाय, असं मी तिला सांगितलं. मासा मेलेला नव्हता.

सकाळ होती, ऊन अजून पाण्यावर उतरलं नव्हतं. भाची आणि मी नदीकाठी एका झाडाच्या उघड्या पडलेल्या मुळांवर बसलो होतो. समोर, दगड भिरकावला तर पोचेल एवढ्या अंतरावर, पाण्यातून जेमतेम डोकं वर काढलेला कातळ. पाणमांजर त्या कातळावर चढलं ते तोंडात मासा घेऊनच. मासा चांगला मोठा, त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणारा. पाणमांजराच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि ओले केस झुबक्याझुबक्यांनी उभे राहिले होते. त्याने मासा कातळावर टेकवला, पुढच्या दोन्ही पंजांनी दाबून धरला आणि लगेच खायला लागलं. आधी ऐकू आला तो आवाज. ओली काटकी मोडावी तसा, पण सलग, एकामागून एक. खाताना त्याने मान थोडी तिरकी करून वर उचलली होती, डोळे जवळजवळ मिटलेले. मोठा मासा असला की पाणमांजर पुष्कळदा गळ्याकडून, पुढच्या परांच्या जवळून सुरुवात करतं, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं, की माशाचं डोकं अजून जागेवर आहे आणि कल्ल्याचं झाकण एकदा उघडून मिटलं. मग शेपटी कातळावर आपटली. एकदा, थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

"आत्या, त्याची शेपटी हलतेय. त्याला दुखत असेल ना?"

"नाही गं. मेलाय तो."

ती "बरं" म्हणाली आणि परत बघायला लागली. सात वर्षांची आहे. तिने माझ्यावर इतक्या पटकन विश्वास ठेवला, तेच मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. पाणमांजराने मासा संपवला, डोकं आणि शेपटीकडचा थोडा भाग तसाच सोडला, कातळावर नाक घासलं, आणि पाण्यात शिरलं. शिरलं म्हणजे अगदी शिरलंच, आवाज नाही, शिंतोडा नाही. भाचीने आकडे मोजायला सुरुवात केली. ते सत्ताविसाव्या आकड्याला वर आलं, आम्ही बघत होतो त्याच्या भलतीकडेच.

घरी आल्यावर मी वाचत सुटले. मला बहुतेक असं काहीतरी सापडायला हवं होतं, की माझं उत्तर चुकून का होईना खरं ठरेल. थोडं सापडलंही. लहान मासे असले तर पाणमांजर काठावर येण्याची तसदीच घेत नाही. पाण्यातच, डोकं बाहेर काढून, बहुतेक वेळा डोक्याकडूनच चावायला लागतं, आणि अशा माशाची तडफड पहिल्या घासातच थांबते. मेलेल्या माशाचे स्नायूही काही वेळ झटके देत राहतात, म्हणजे शेपटी हलली म्हणून तो जिवंतच असेल असं नाही. पण मी तो कल्ला उघडून मिटताना पाहिला होता. वाचून ते पुसलं जाईना.

मग मी दुसरंच वाचायला लागले. हे जनावर मासा धरतं कसं, ते. आपल्याला वाटतं डोळ्यांनी. स्वच्छ पाण्यात डोळेही कामाला येतात. पाण्याखाली नजर धूसर होऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यातले स्नायू भिंगाला दाबून त्याचा आकार बदलू शकतात. पण नदी वर्षातले किती दिवस स्वच्छ असते? गढूळ पाण्यात आणि रात्री खरं काम करतात त्या मिशा. नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीखाली, अगदी भुवईपाशीही राठ, ताठ केस असतात आणि प्रत्येकाच्या मुळाशी मज्जातंतूंचं जाळं. मासा शेपटीचा फटकारा मारून निसटतो तेव्हा पाण्यात जी हालचाल उमटते ती या केसांना कळते. पाळलेल्या पाणमांजरांच्या मिशा कापून केलेला एक जुना प्रयोग आहे. स्वच्छ पाण्यात त्यांना फारसा फरक पडला नाही. गढूळ पाण्यात मात्र तोच मासा धरायला कितीतरी जास्त वेळ लागला. हे वाचल्यावर मी दिवा मालवून बसले होते थोडा वेळ. समोरचं काहीच दिसत नाही, आणि कुणीतरी जिवाच्या आकांताने पळतंय ते मात्र गालाला कळतंय. पळणाऱ्याचं पळणंच त्याचा पत्ता सांगतं. मासा गप्प राहिला असता तर कदाचित वाचला असता.

पण ज्या एका गोष्टीने माझं त्या कातळावरच्या दृश्याकडे बघणं बदललं, ती अगदी साधी आहे. पाणमांजराला चरबी नसते. म्हणजे असते, पण नावाला. सील, व्हेल हे पाण्यातले सस्तन प्राणी चरबीचा जाड थर पांघरून असतात. थंडी अडवायलाही तोच, आणि उपास पडला तर जगायलाही तोच. पाणमांजराकडे आहेत ते फक्त केस. वर लांब राठ केस आणि खाली इतकी दाट लव, की तिच्यात हवा अडकून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. बुडी मारताना मागे राहणारी बुडबुड्यांची ती रेघ पुष्कळशी या हवेचीच. बाकी थंडीशी झुंजायचं ते आतल्या आगीवर. ती आग सतत पेटती ठेवायची, म्हणून रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण १५ टक्के खायचं, कधी त्याहूनही जास्त. आठ किलोच्या पाणमांजराने दिवसाला सव्वा किलो. माझ्यासारख्या साठ किलोच्या बाईने दिवसाला नऊ किलो खाण्यासारखं आहे ते. आणि खाल्लेलं टिकत नाही. तीन तासांच्या आसपास अन्न पोटातून पुढे निघूनही जातं. सकाळचा मासा दुपारी नसतो.

शिल्लक नसलेला प्राणी.

हान्स क्रुक नावाच्या संशोधकाने स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर अनेक वर्षं पाणमांजरं पाहिली. तिथली पाणमांजरं समुद्रात मासे धरतात, नंतर गोड्या पाण्यात येऊन अंगावरचं मीठ धुतात, कारण खारट केसांत हवा नीट धरत नाही. त्यांच्या निरीक्षणांचं सार मला हिशेबाच्या वहीसारखं वाटलं. पाणी जितकं थंड, तितकं पोहणं महाग. जितकं महाग, तितक्या कमी वेळात जास्त मासे मिळायला हवेत. मिळाले नाहीत तर शोधण्यातच मिळण्यापेक्षा जास्त खर्च होतो, आणि मग जितकं शोधाल तितकं खंगाल. तिथे पाणमांजरांचे सगळ्यात जास्त मृत्यू कडाक्याच्या हिवाळ्यात होत नव्हते. ते वसंतात होत होते, कारण मासे सगळ्यात कमी तेव्हा असतात. सगळीकडे पालवी फुटत असताना. ते वाक्य वाचून मी पान मिटलं होतं.

तेव्हा मला बाबा आठवले. बाबा फार भराभर जेवायचे. मान खाली, डावा हात ताटाच्या कडेशी, आणि जेवण होईपर्यंत एक शब्द नाही. आम्ही भावंडं मोठी झाल्यावर पाहुण्यांसमोर आम्हाला त्याची लाज वाटायला लागली. "बाबा, जरा सावकाश जेवा की," मी एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. ते थांबले, हसले, चार घास सावकाश खाल्ले. मग पुन्हा वेग आपोआप वाढला. त्यांना ते कळतही नव्हतं. ते गेल्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने, सांगितलं, की लहानपणी त्यांच्या घरात ताटं कमी आणि माणसं जास्त असायची. जो आधी उठेल त्याच्या ताटात पुढचा बसायचा, आणि मागून येणाऱ्याला काय उरेल याचा भरवसा नसायचा. "तो भरभर जेवायचा ना," ती म्हणाली, "ते मागच्याला ताट लवकर मिळावं म्हणून." मी आयुष्यभर ते उलटं वाचलं होतं. आता पाणमांजर मान तिरकी करून, डोळे मिटून, कशालाही न थांबता चावताना आठवलं, की मला बाबांचा ताटाच्या कडेवरचा डावा हात दिसतो.

पाणमांजराला हावरट म्हणणारे पुष्कळ आहेत. गळ टाकून बसणाऱ्यांचा तर त्याच्यावर पिढीजात राग. आमचे चांगले मासे हेच संपवतं, म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या नदी-पाणमांजरांच्या विष्ठेतले काटे आणि खवले ओळखून पुन्हा पुन्हा जे दिसलं आहे ते असं, की त्यांच्या खाण्यात जास्त करून संथ पोहणारे, तळाशी रेंगाळणारे, संख्येने भरपूर असलेले मासे असतात. चपळ, तडफदार मासा, जो माणसाला गळाला लागावासा वाटतो, तो त्यांच्या वाट्याला त्या मानाने कमी येतो. का येईल? ज्याच्याकडे शिल्लक नाही तो दुर्मिळ गोष्टीच्या मागे कशाला धावेल? उन्हाळ्यात नदीतली शेवंडं वाढली की मोर्चा तिकडे. नांग्यांसकट चावून खातात, आणि विष्ठा लालसर कवचांच्या भुग्याने भरून जाते. बेडूक, खेकडे, पाणकिडे, एखादा पाणपक्षी, जे हाताला लागेल ते. आशियातल्या लहान नखांच्या पाणमांजराने तर खेकड्यांवरच संसार मांडला आहे. त्याच्या दाढा रुंद, कवच फोडायला जोगत्या. बोटं माणसाच्या बोटांसारखी चिखलात, दगडांच्या फटीत चाचपणारी. ते बघत नाही, चाचपतं. अंधारात किल्ली शोधताना आपण करतो तसं.

आणि हावऱ्याला निवड नसते म्हणावं, तर भेकाचं काय? भेक म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक, आणि त्या कातडीत विष असतं. युरोपातलं पाणमांजर भेक धरलं, की त्याची कातडी सोलून काढतं आणि मागचे पाय खातं. उलटी केलेली, मोज्यासारखी कातडी काठावर पडलेली सापडते. इतकी भूक असूनही त्याच्या दातांत एवढा धीर असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. कातडी कुठून पकडायची, किती ओढायची, कुठे थांबायचं, हे सगळं त्या दातांना कळतं.

एका गोष्टीपाशी मात्र मी अडखळले. पाणमांजराची पिल्लं जन्मतः पोहत नाहीत. पाण्याला घाबरतात, आईला त्यांना ढकलावं लागतं. पोहायला आलं तरी मासा धरता यायला महिने जातात. जवळजवळ वर्षभर ती आईच्या मागे असतात, आणि तोवर दोन-तीन पोटांची भूक एकटी आई भागवते. या दिवसांत आई कधीकधी जिवंत मासा घेऊन येते आणि पिल्लांसमोर सोडून देते. मासा निसटतो, पिल्लू मागे, मासा हातचा जातो, आई पुन्हा धरून आणते, पुन्हा सोडते. माशाच्या बाजूने बघितलं तर हे बघवणार नाही. पिल्लाच्या बाजूने बघितलं तर याच्याशिवाय दुसरा मार्ग नाही. मी दोन्ही बाजूंनी बघत राहिले, आणि दोन्हीकडून मला माझंच ते वाक्य ऐकू आलं. नाही गं, मेलाय तो. ती आई पिल्लांपुढे जिवंत मासा आणून टाकते. मी जिवंत मासा समोर असताना तो झाकला.

खड्यांचं मला फार उशिरा कळलं. पाणमांजर पाठीवर पडून पुढच्या पंजांत खडे झेलतं, एका हातातून दुसऱ्या हातात, छातीवरून गळ्यापर्यंत, कधी तोंडात, पुन्हा हातात. बघणारे म्हणतात, काय मजेत आहे बघा. मीही तेच म्हणायची. २०२० साली ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी बंदिस्त जागेतल्या पाणमांजरांवर लक्ष ठेवलं, लहान नखांच्या आणि मऊ केसांच्या अशा दोन्ही जातींच्या. ती सगळ्यात जास्त खडे खेळत होती ती भूक लागलेली असताना, जेवणाची वेळ जवळ आली की. खडे चांगले झेलणाऱ्यांना अन्न काढून घेण्याची कोडी जास्त चांगली सुटत होती, असंही दिसलं नाही. म्हणजे सराव म्हणावा तर तसंही नाही. भूक लागली आहे, हात रिकामे आहेत, आणि हातांना थांबता येत नाही. त्यानंतर तसली चित्रफीत कुणी दाखवली, की मी त्या खड्यांकडे बघत नाही, त्या हातांकडे बघते.

जे खाल्लं जातं ते पुढे कुठे जातं, याचा माग मी कधी काढला नसता. तो मला अलास्काच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथल्या प्रिन्स विल्यम साउंडमधली नदी-पाणमांजरं समुद्रातले मासे खातात आणि काठावरच्या रानात ठरलेल्या जागी येऊन विष्ठा टाकतात. पिढ्यान् पिढ्या त्याच जागा. त्या जागांभोवतालच्या झाडाझुडपांच्या पानांत समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडला. ज्या झाडाने कधी समुद्राला मूळ लावलं नाही, त्याच्या पानात मासा आहे. आणि याच वाटेने दुसरंही काही येतं. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पाणमांजरं नद्यांमधून नाहीशी व्हायला लागली. बियाण्यांना चोळायच्या आणि अंगावरच्या किडी मारायला मेंढ्यांना बुचकळून काढायच्या औषधांत डिल्ड्रिनसारखी विषं होती. ती ओढ्यांत उतरली, ओढ्यातून किड्यांत, किड्यांतून माशांत, थोडी थोडी. माशाला तेवढी बाधली नाहीत. पण जो रोज सव्वा किलो मासे खातो त्याच्या अंगात तो थोडा थोडा हिशेब साठत गेला. ज्याच्या अंगात चरबीची शिल्लक नाही, त्याच्याकडे साठलं ते हे. ती औषधं बंद झाल्यावरही पाणमांजर इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात परत दिसायला २०११ साल उजाडलं.

पाच महिन्यांनी भाची पुन्हा आली आणि पहिल्याच सकाळी म्हणाली, "आत्या, जायचं?" मी जाताना ठरवलं होतं, आज सांगायचं. कातळ तोच होता, पाणी उतरल्यामुळे आणखी उघडा पडलेला, आता काठावरून तिथवर चालत जाता येत होतं. वरच्या सपाटीवर विष्ठा होती, एक जुनी, वाळून राखाडी झालेली, आणि तिच्यावरच एक ताजी, काळपट. मी काटकीने जुनी उकलली. ती पापडासारखी मोडली आणि आत नुसते खवले. नखाएवढे, पारदर्शक, उन्हात धरले की कडेशी गोल गोल रेघा दिसणारे. मध्ये केसासारखे बारीक काटे. भाचीने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं नाही. वाळलेल्या गवताचा वास येतोय, म्हणाली. येतच होता, मागे थोडा मासा.

"त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं ना," मी म्हणाले, "की मासा मेलाय. तो मेलेला नव्हता. जिवंत होता."

ती खवला डोळ्यासमोर धरून त्यातून नदीकडे बघत होती. तिला तो मासा नीटसा आठवेना. तिला आठवत होतं ते खाताना त्याने मिटलेले डोळे. "झोपेत खाल्ल्यासारखं करत होतं," ती म्हणाली, आणि मान तिरकी करून, डोळे मिटून, रिकाम्या तोंडाने चावून दाखवलं. थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, तिने विचारलं, "मग दुखलं असेल?"

"हो. दुखलं असेल."

"खूप वेळ?"

"नाही. खूप वेळ नाही."

यातलं दुसरं उत्तर मी शेपटीच्या त्या दोन फटक्यांच्या आधारावर दिलं. त्यांच्यामधलं अंतर मला आजही आठवतं, आणि तिसरा फटका आला नव्हता. तिने खवला खिशात ठेवला. वर डोहाच्या बाजूला पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ उठली, आमच्या दिशेने वळली, आणि कातळाजवळच्या खोल पाण्यात तुटली. आम्ही दोघी बसल्या जागी थिजलो. भाचीचे ओठ हलायला लागले, आवाज नाही, नुसते आकडे. वीस झाले. सत्तावीस. पाणी सपाट होतं. एकोणतीस, तीस.